समुद्राचा कानोसा : प्रश्न वाचकांचे, उत्तरं आमची

गेल्या अंकात अमेरिकी नौदलाच्या पाण्याखालच्या टेहळणी यंत्रणेवर आणि त्या क्षेत्रातल्या कामासाठी दिल्या जाणाऱ्या कॅप्टन जोसेफ पी. केली पुरस्कारावर एक छोटं टिपण होतं. समुद्रतळावर हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, रांगेने मांडायचे, त्यांची केबल किनाऱ्यावर आणायची आणि शेकडो किलोमीटरवरच्या पाणबुडीचा माग काढायचा, अशी ही यंत्रणा. तिचं जुनं नाव सोसस. टिपणावर बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : काम गुप्त, मग त्याचा जाहीर सन्मान कसा करतात? आणि सन्मान नेमका कशाचा होतो?

उत्तर : बराच काळ होतच नव्हता. किनाऱ्यावरच्या ठाण्यांना ‘नेव्हल फॅसिलिटी’ असं मोघम नाव होतं आणि तिथे सागरी संशोधन चालतं असं सांगितलं जायचं. यंत्रणेचा खरा हेतू १९९१ मध्ये खुला झाला. त्याआधी कुणाला बक्षीस मिळालं, तरी ते कशाबद्दल हे घरच्यांनाही सांगता येत नसे.

ज्यांच्या नावाने पुरस्कार आहे ते केली नौदलाचे अधिकारी होते. हायड्रोफोनच्या रांगा, म्हणजे माळा, समुद्रात टाकणं, केबल किनाऱ्याला आणणं आणि ठाणी उभारणं या कामाचं सांकेतिक नाव ‘प्रोजेक्ट सीझर’. ते त्यांनी सुरुवातीपासून वीसहून अधिक वर्षं सांभाळलं. म्हणजे हा सन्मान शोधापेक्षा शोध प्रत्यक्ष चालवून दाखवणाऱ्याच्या नावाने आहे, आणि ते आम्हाला योग्य वाटतं. शास्त्रज्ञांसाठी अकूस्टिकल सोसायटी ऑफ अमेरिकेचं ‘पायोनियर्स ऑफ अंडरवॉटर अकूस्टिक्स’ पदक आहे. ते पहिल्यांदा १९५९ मध्ये हार्वी हेज यांना मिळालं आणि १९६५ मध्ये हार्वर्डच्या फ्रेडरिक हंट यांना. समुद्राच्या खोल थरातून आवाज फार दूर जातो, त्याचा पाणबुडी शोधायला वापर करा, असं १९५० च्या ‘प्रोजेक्ट हार्टवेल’ या अभ्यासात सुचवणारे ते हेच हंट.

तिसरा मान म्हणजे जहाजाचं नाव. हायड्रोफोनची माळ ओढणाऱ्या टेहळणी जहाजांच्या नव्या वर्गातल्या पहिल्या दोन जहाजांना डॉन वॉल्श आणि व्हिक्टर व्हेस्कोवो यांची नावं जाहीर झाली आहेत. दोघेही चॅलेंजर डीपच्या, म्हणजे समुद्रातल्या सर्वांत खोल जागेच्या, तळाशी जाऊन आलेले. वॉल्श तर २३ जानेवारी १९६० रोजी, जाक पिकार यांच्यासोबत. त्यांच्या धाडसाबद्दल शंका नाही. पण ही जहाजं ज्या विद्येवर चालतात ती आवाज गाळून घेण्याची विद्या घडवणाऱ्या अभियंत्यांचं नाव या दोन्ही जहाजांना मिळालेलं नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. हायड्रोफोन हा या सगळ्यातला सर्वांत साधा भाग आहे. खरी करामत आवाज किनाऱ्यावर पोहोचल्यानंतर त्याचं काय करायचं यात आहे.

प्रश्न : एवढा खटाटोप आवाजासाठी का? पाण्याखाली रडार का वापरत नाहीत?

उत्तर : खारं पाणी विजेचं वाहक आहे, त्यामुळे ते विद्युतचुंबकीय लहरी गिळून टाकतं. १० किलोहर्ट्झच्या रेडिओलहरीची ताकद समुद्रात दर अडीच मीटरला सुमारे एक-तृतीयांशावर येते. रडारच्या लहरींचा निकाल तर एक-दोन सेंटिमीटरच्या आतच लागतो. उलट १०० हर्ट्झचा आवाज पाण्यात किलोमीटरमागे डेसिबलच्या साधारण हजाराव्या भागाइतकाच शोषला जातो. १० किलोहर्ट्झला तेच प्रमाण किलोमीटरमागे एक डेसिबलच्या आसपास जातं. दूरवरचं ऐकायचं तर खालच्या पट्टीत ऐकावं लागतं, ते यामुळे.

प्रश्न : आवाज हजारो किलोमीटर जातो म्हणता, पण तो पसरत जाऊन विरून कसा जात नाही?

उत्तर : विरतो, पण अपेक्षेपेक्षा खूप हळू. समुद्रात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो आणि तो तीन गोष्टींनी बदलतो : तापमान, खारटपणा आणि दाब. थंड पाण्यात तापमान एक अंशाने वाढलं की वेग सुमारे साडेचार मीटरने वाढतो. दाबामुळे दर १०० मीटर खोलीला १.७ मीटरच्या आसपास वाढतो. वरच्या भागात खोलीसोबत पाणी झपाट्याने गार होतं, म्हणून वेग घटत जातो. मध्य अक्षांशांत साधारण १,००० मीटरच्या खाली तापमान जवळपास स्थिर होतं आणि दाबाचा परिणाम वरचढ ठरतो, म्हणून वेग पुन्हा वाढू लागतो. मधला जो सर्वांत कमी वेगाचा थर, तो सोफार वाहिनी.

आवाजाची लहर नेहमी कमी वेगाच्या बाजूला वळते. त्यामुळे या थरात शिरलेला आवाज वर गेला तरी खाली वळतो आणि खाली गेला तरी वर वळतो. पृष्ठभागाला आणि तळाला न आपटता तो पुढे सरकत राहतो. सगळ्या दिशांनी पसरणारा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने घटतो. वाहिनीत अडकलेला फक्त आडवा पसरतो आणि ३ डेसिबलने घटतो. लांबच्या पल्ल्यात हा फरक प्रचंड होतो.

अमेरिकेत मॉरिस युइंग यांनी १९४४ मध्ये खोल पाण्यात लहान स्फोट करून हे दाखवलं. सोव्हिएत संघात लिओनिद ब्रेखोव्स्कीख यांनी थोड्याच काळाने स्वतंत्रपणे शोधलं. सर्वांत लांबचं उदाहरण जानेवारी १९९१ चं. दक्षिण हिंदी महासागरातल्या हर्ड बेटाजवळून सोडलेला ५७ हर्ट्झचा आवाज सुमारे १८,००० किलोमीटरवर पकडला गेला. एवढं अंतर कापायला आवाजाला तीन तास वीस मिनिटांच्या आसपास लागतात. ५७ हाच आकडा का? विजेच्या ५० आणि ६० हर्ट्झच्या घरघरीत तो मिसळू नये म्हणून. ध्वनिस्रोत मात्र १७५ मीटरवरच ठेवले होते, कारण थंड अक्षांशांत वाहिनी वर सरकते. ध्रुवांकडे ती पृष्ठभागालाच येऊन टेकते. ‘सोफार म्हणजे १,००० मीटर’ असं पाठ करून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

प्रश्न : सोससच्या पहिल्या माळेत ४० हायड्रोफोन होते असं टिपणात होतं. एक चांगला हायड्रोफोन का पुरत नाही? आणि दोन हायड्रोफोनमधलं अंतर कसं ठरवतात?

उत्तर : जानेवारी १९५२ मध्ये बहामातल्या एल्यूथेरा बेटाजवळ २४० फॅदम, म्हणजे सुमारे ४४० मीटर खोलीवर ही माळ टाकली. लांबी १,००० फूट, म्हणजे ३०५ मीटर. ४० हायड्रोफोन समान अंतरावर मानले तर मध्ये ३९ फटी आणि एकेक फट ७.८ मीटरची. आता नियम असा, की दोन हायड्रोफोनमधलं अंतर आवाजाच्या अर्ध्या तरंगलांबीपेक्षा जास्त नसावं. ७.८ ची दुप्पट १५.६ मीटर, १,५०० भागिले १५.६ म्हणजे ९६ हर्ट्झ. जहाजांच्या यंत्रांचा आणि पंख्यांचा गुणगुणाट याच पट्टीत आणि याच्या खाली असतो, तेव्हा माप बरोबर बसतं.

नियम मोडला तर? याच माळेवर १९२ हर्ट्झचा आवाज घ्या. तरंगलांबी आणि फट सारखीच झाली. मग माळेच्या टोकाच्या दिशेने आलेला आवाज समोरून आल्यासारखाच दिसतो, आणि पडद्यावर एकाच जहाजाची दोन भुतं उभी राहतात.

एका हायड्रोफोनला दिशा कळत नाही. माळेला कळते, कारण तिरपा आलेला आवाज प्रत्येक हायड्रोफोनवर थोडा उशिरा पोहोचतो. काटकोनापासून ३० अंश तिरपा आवाज असेल, तर शेजारच्या हायड्रोफोनला पोहोचायला ७.८ × ०.५ ÷ १,५०० म्हणजे २.६ मिलिसेकंद उशीर होतो. यंत्र प्रत्येक हायड्रोफोनच्या संकेताला त्याच्या वाट्याचा उशीर देतं आणि मग बेरीज करतं. उशीर बरोबर बसला की ४० संकेत एकमेकांवर चपखल बसतात. बाकी दिशांचा गोंगाट मात्र वेडावाकडा असल्याने तेवढा वाढत नाही. निव्वळ फायदा १० लॉग ४०, म्हणजे १६ डेसिबल. वेगवेगळ्या उशिरांचे संच एकाच वेळी लावले की एकच माळ एकाच वेळी अनेक दिशांना कान लावते. पाण्यात काहीही हलवावं लागत नाही.

दिशा किती बारीक कळते? १०० हर्ट्झला तरंगलांबी १५ मीटर. १५ भागिले ३०५ म्हणजे जेमतेम ३ अंश. ५०० किलोमीटरवर ३ अंश म्हणजे २६ किलोमीटरचा पट्टा. शिवाय हा आकडा माळेच्या बरोबर समोरचा आहे. ६० अंश बाजूला वळलात की रुंदी दुप्पट होते. त्यामुळे एक माळ फक्त दिशा सांगते. ठिकाण काढायचं तर दुसऱ्या माळेची दिशारेषा तिला छेदायला हवी, आणि दोन्ही रेषा शक्यतो काटकोनाजवळ छेदाव्यात. फार चिंचोळ्या कोनात छेदल्या की चूक लांबच लांब ताणली जाते.

बिघडतं काय, असंही एका वाचकाने विचारलं आहे. ४० पैकी दोन हायड्रोफोन मेले तर मुख्य दिशेचा फायदा पाव डेसिबलनेही कमी होत नाही. पण नको त्या दिशांचा आवाज आत गळू लागतो. तारा उलट्या जोडलेला एक हायड्रोफोन याहून चिवट त्रास देतो : तो बेरजेत एक कमी करत नाही, दोन कमी करतो, आणि ‘चालू’ असल्यामुळे लवकर सापडतही नाही. म्हणून एका दूरच्या, स्पष्ट आवाजाच्या स्रोतावर माळ रोखून प्रत्येक हायड्रोफोनची कला, म्हणजे लहरीच्या चढ-उताराचा टप्पा, तपासायची, आणि संशयित असेल त्याला दुरुस्त करता येईपर्यंत सरळ बेरजेतून वगळायचं. केबलचा खरा शत्रू मात्र उथळ पाण्यात असतो : मासेमारीची ओढजाळी आणि जहाजांचे नांगर. समुद्री केबलचे बहुतांश बिघाड या दोहोंमुळेच होतात. त्यासाठी किनाऱ्याजवळच्या केबलवर पोलादी तारांचं दुहेरी कवच चढवतात आणि शक्य तिथे ती नांगरटीने तळात पुरतात.

प्रश्न : समुद्रात लाटा, पाऊस, व्यापारी जहाजं, मासे, सगळ्यांचाच आवाज. त्यातून पाणबुडी कशी ओळखतात?

उत्तर : कानाने ओळखत बसले असते तर ही यंत्रणा पहिल्याच वर्षी गुंडाळावी लागली असती. इथे बेल प्रयोगशाळेची देणगी कामाला आली. माणसाच्या बोलण्याचं चित्र काढण्यासाठी तिथे ध्वनी-आलेखक तयार झाला होता. तोच उपाय फार खालच्या वारंवारितेला लावला आणि त्यातून लोफार जन्माला आलं. आडव्या अक्षावर वारंवारिता, उभ्या अक्षावर काळ. लेखणीतल्या ठिणगीने खास कागद भाजत जायचा. जिथे आवाज जास्त तिथे डाग गडद. कागद इंचाइंचाने सरकायचा. क्षणभराचा गोंगाट कागदावर नुसता करडा शिंतोडा होऊन राहतो. पण तासन्‌तास एकाच वारंवारितेवर चालणारं यंत्र सरळ उभी रेघ ओढत जातं आणि डोळ्याला ती लगेच दिसते.

हिशेब पाहा (आकडे समजण्यापुरते घेतले आहेत). एखाद्या यंत्राचा एका सुराचा आवाज १ मीटरवर १३० डेसिबल आहे. १०० किलोमीटरवर माळ आहे. पहिल्या किलोमीटरपर्यंत आवाज सगळीकडे पसरतो असं धरलं तर ६० डेसिबल जातात. पुढच्या ९९ किलोमीटरमध्ये वाहिनीमुळे फक्त २०. माळेशी पोहोचले ५०. तिथला गोंगाट दर हर्ट्झला ७५ डेसिबल. माळेच्या १६ डेसिबलने तो ५९ वर आला. संकेत अजून ९ डेसिबलने खालीच आहे. आता गाळणी अरुंद करा. १ हर्ट्झऐवजी ०.१ हर्ट्झची पट्टी घेतली की गोंगाट १० डेसिबलने उतरून ४९ होतो. संकेताचा सूर मात्र एकाच वारंवारितेवर असल्याने ५० चा ५० राहतो. नाक पाण्याच्या वर आलं. त्यात कित्येक मिनिटांचं सरासरीकरण, म्हणजे कागदावर एकाखाली एक पडणाऱ्या ओळी, मिळवा.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. ०.१ हर्ट्झचा भेद पाडायला निदान १० सेकंद ऐकावंच लागतं. त्याला पळवाट नाही. आणि गाळणी हवी तेवढी अरुंदही करता येत नाही. सेकंदाला १० मीटर वेगाने जाणारी पाणबुडी १०० हर्ट्झचा सूर येताना ०.६७ हर्ट्झने वर आणि जाताना तेवढाच खाली नेते. वळणावर किंवा अगदी जवळून जाताना रेघ एका खान्यातून दुसऱ्यात घसरते आणि फिकट पडते. मुरलेला विश्लेषक मात्र या घसरणीवरच खूश असतो, कारण ती किती तीव्र आहे त्यावरून सर्वांत जवळून जातानाचं अंतर काढता येतं.

ओळख पटते ती रेघांच्या आपसातल्या नात्यावरून, जशी पावलांच्या चालीवरून घरचं माणूस ओळखू यावं. पंख्याला ५ पाती आणि फेरे मिनिटाला १२०. सेकंदाला २ फेरे, म्हणून पात्यांची रेघ १० हर्ट्झवर आणि तिच्या पटी २०, ३०, ४० वर. मध्ये २ हर्ट्झच्या अंतराने बारीक रेघा दिसल्या तर त्या पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या. एखादं पातं किंचित वाकलं असेल तर त्या ठळक होतात. शिवाय जनित्रांची रेघ असते. अमेरिकी जहाजांवर वीज ६० हर्ट्झची, सोव्हिएत जहाजांवर ५०. कागदावर ५० ची रेघ दिसली की विश्लेषक खुर्चीत सरसावून बसत.

प्रश्न : देवमाशाचा आवाज १८८ डेसिबल आणि जेट विमानाचा १४०. मग देवमासा विमानापेक्षा मोठ्याने ओरडतो का?

उत्तर : नाही. हवेतल्या डेसिबलचा पाया २० मायक्रोपास्कल, पाण्यातल्याचा १ मायक्रोपास्कल. एवढ्यानेच २६ डेसिबलचा फरक पडतो. शिवाय पाणी हवेपेक्षा फार ‘ताठ’ असल्याने तेवढ्याच ऊर्जेला दाब जास्त लागतो. त्याचे आणखी ३६. ऊर्जेच्या हिशेबाने तुलना करायची तर पाण्यातल्या आकड्यातून सुमारे ६२ वजा करा. आणि अंतर पाहा : १८८ हा आकडा १ मीटरवरचा म्हणून काढलेला असतो. अंतर आणि पाया न सांगता छापलेला डेसिबल वाचून सोडून द्यावा.

प्रश्न : जहाजामागे ओढायच्या माळेत आणि तळावरच्या माळेत फरक काय? ओढत्या माळेला डावं-उजवं कळत नाही हे खरं का?

उत्तर : खरं आहे. सरळ रेषेतल्या माळेला आवाज ४० अंश डावीकडून आला की ४० अंश उजवीकडून, दोन्ही सारखेच. उशीर तेवढाच पडतो. तळावरच्या माळेचंही तेच, पण तिथे एका बाजूला बहुधा किनारा असतो आणि प्रश्न आपोआप सुटतो. ओढत्या माळेवर उपाय म्हणजे जहाज वळवणं. समजा, उत्तरेला जाताना लक्ष्य ०४० किंवा ३२० अंशांवर दिसतंय. जहाज ३० अंश उजवीकडे वळवा. आता खरी दिशा जागेवर राहते आणि खोटी जुळी ६० अंश सरकते. वळून झाल्यावर माळ सरळ होईपर्यंत थांबायला हवं. ती शेकडो मीटर लांब असते आणि वळणाच्या वाटेवरून सापासारखी मागून येते. वाकडी असताना घेतलेली दिशा फसवी. घाईत घेतलेलं वाचन हेच इथल्या बहुतेक चुकांचं मूळ.

माळ म्हणजे तेल किंवा जेल भरलेली नळी, आत हायड्रोफोन. तरंगूही नये आणि बुडूही नये इतकं तिचं वजन जुळवलेलं असतं. पाण्याचं तापमान किंवा खारटपणा बदलला की शेपूट वर किंवा खाली झुकते, म्हणून आत खोली मोजणारे संवेदक हवेत. वेग वाढवला की नळीवरून वाहणाऱ्या पाण्याचाच आवाज बाकी सगळं झाकून टाकतो; सर्टासची (अमेरिकी नौदलाच्या ओढत्या माळांच्या यंत्रणेची) जहाजं ऐकताना रेंगाळत चालतात, ती म्हणूनच. ओढदोराची थरथर माळेत उतरू नये म्हणून पुढे आणि मागे ताणले जाणारे लवचीक तुकडे बसवतात.

प्रश्न : प्रयोगापुरता हायड्रोफोन घरी करता येतो का?

उत्तर : येतो. ३५ किंवा २७ मिलिमीटरची पिएझो चकती घ्या, बझरमध्ये असते ती. ढाल असलेली एकपदरी तार घ्या. मधली तार सिरॅमिकच्या बाजूला आणि ढाल पितळेच्या बाजूला डाखवा (सोल्डर करा). सिरॅमिकवर डाखणी दोन सेकंदांच्या वर टेकवू नका, त्यावरचा चांदीचा थर सुटून येतो. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तारेचं आवरण शेवटचे ३ सेंटिमीटर पॉलिश पेपरने खरवडा आणि सगळं इपॉक्सीत किंवा पॉलियुरेथेनमध्ये ओता. मिश्रण हळू ढवळा. बुडबुडा राहिला तर तो दाबाखाली चेपतो आणि संवेदनशीलता खातो.

दोन ठिकाणी हमखास फसतं. पहिलं, पाणी चकतीकडून न शिरता तारेच्या टोकाकडून शिरतं. पीव्हीसी आवरणाला इपॉक्सी नीट धरत नाही, आणि एकदा फट पडली की ढालीच्या विणीतून पाणी केशाकर्षणाने मीटरभर आत चढतं. खरवडणं टाळू नका, शक्यतो पॉलियुरेथेन आवरणाची तार वापरा आणि ओतण्याआधी ढालीच्या विणीत सोल्डर भरून ती बंद करा.

दुसरं, चकती थेट मायक्रोफोनच्या सॉकेटला लावतात आणि मग ‘खर्ज येतच नाही’ अशी तक्रार करतात. चकतीची धारिता साधारण २० नॅनोफॅरड. सॉकेटचा रोध २ किलो-ओहम असेल तर सुमारे ४,००० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं जातं. १ मेगाओहमला लावली तर ही सीमा ८ हर्ट्झवर उतरते. म्हणून जेफेटचा (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा) छोटा बफर लावा, किंवा रेकॉर्डिंग इंटरफेसवरचा गिटारसाठीचा इनपुट वापरा. त्याचा रोध बहुधा तेवढाच असतो.

पाण्यात सोडल्यावर तार तिरकी ताणू देऊ नका. १० मिलिमीटर जाडीच्या दोरावरून अर्धा मीटर प्रतिसेकंद पाणी वाहिलं की दोर साधारण १० हर्ट्झला थरथरतो आणि आलेखावर अगदी जहाजाच्या पंख्यासारखी रेघ दिसते. हायड्रोफोन रबरी पट्टीने टांगा, दोराला लोकरीचे किंवा दोऱ्याचे झुपके बांधा. १० मीटरच्या खाली नेण्याच्या भानगडीत पडू नका. मागे हवा अडकलेली चकती वाकते. नौदलाच्या हद्दीपासून दूर राहावं, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : आता प्रकाशतंतूच्या केबललाच कान करता येतात म्हणे. मग इंटरनेटच्या केबलनी सगळा समुद्र ऐकता येईल?

उत्तर : पूर्ण नाही. तंत्र असं : तंतूत लेझरचे स्पंद सोडायचे. काचेतल्या सूक्ष्म असमानतेमुळे प्रत्येक बिंदूवरून थोडा प्रकाश परत येतो. आवाजाने तंतू किंचितही ताणला गेला की परतलेल्या प्रकाशाची कला बदलते. पाण्यात ना वीज, ना इलेक्ट्रॉनिक भाग; सगळं यंत्र किनाऱ्यावर.

मर्यादा दोन. एक स्पंद परत आल्याशिवाय दुसरा सोडता येत नाही. १०० किलोमीटर जाऊन यायला प्रकाशाला काचेत १ मिलिसेकंद लागतो. म्हणजे सेकंदाला १,००० स्पंद आणि ऐकता येणारी कमाल वारंवारिता ५०० हर्ट्झ. दुसरी जास्त अडचणीची : लांबच्या केबलमधले प्रवर्धक प्रकाशाला उलट दिशेने जाऊ देत नाहीत, म्हणून नेहमीच्या पद्धतीने पहिल्या प्रवर्धकापर्यंतच ऐकता येतं. मोकळ्या महासागरासाठी खास विणलेल्या माळा लागतातच. तंतू लवचीक दंडगोलावर गुंडाळून केलेला प्रकाशीय हायड्रोफोन हा वेगळा आणि जुना प्रकार; तो अशा माळांत बसतो.

प्रश्न : पाणबुड्या इतक्या शांत झाल्या आहेत, मग ही यंत्रणा कालबाह्य झाली नाही का?

उत्तर : नुसतं ऐकण्याचा पल्ला घटला, हे खरं. अमेरिकी नौदलात काम केलेल्या आणि १९८५ मध्ये पकडल्या गेलेल्या जॉन वॉकरच्या हेरगिरीमुळे सोव्हिएत नौदलाला आपल्या पाणबुड्या किती दुरून ऐकू येतात याचा अंदाज आला, असं मानलं जातं. दुसरीकडे समुद्रही गोंगाटाचा झाला. कॅलिफोर्नियाजवळच्या सॅन निकोलस बेटापाशी ३० ते ५० हर्ट्झच्या पट्टीत १९६० च्या दशकापेक्षा ४० वर्षांनंतर १० ते १२ डेसिबल जास्त आवाज मोजला गेला. वरच्या हिशेबात हे १० डेसिबल घाला : अरुंद गाळणीने मिळवलेलं सगळं गेलं.

त्यामुळे स्वतः आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकणारी, १०० ते ५०० हर्ट्झची एलएफए पद्धत आली. हर्ड बेटाच्या प्रयोगातलं ‘कोरी शूएस्ट’ हे जहाज पुढे त्याच कामाला लागलं. ती प्रभावी आहे, पण देवमाशांना त्रास होतो म्हणून न्यायालयात गेली आणि तिच्या वापरावर बंधनं आली. आमच्या मते ती बंधनं योग्यच आहेत. गंमत म्हणजे १९९० च्या दशकात सोससच्या माळा शास्त्रज्ञांना खुल्या झाल्या, तेव्हा त्यावरच एका निळ्या देवमाशाचा ४३ दिवस माग काढता आला आणि १९९३ मध्ये पॅसिफिकमधल्या हुआन दे फुका या समुद्राखालच्या डोंगररांगेवरचा ज्वालामुखीचा उद्रेकही पकडला गेला.

प्रश्न : हे सगळं स्वतः ऐकून-पाहून बघायचं तर?

उत्तर : कॅलिफोर्नियातली एमबारी ही संस्था माँटेरे उपसागरात सुमारे ९०० मीटर खोलीवर ठेवलेल्या हायड्रोफोनच्या नोंदी ‘पॅसिफिक साउंड’ नावाने सर्वांसाठी खुल्या ठेवते. त्यातल्या २ किलोहर्ट्झ नमुनादराच्या फाइल उतरवा, ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रणालीत उघडा, स्पेक्ट्रोग्राम निवडा, वरची मर्यादा १०० हर्ट्झ करा आणि विंडो १६,३८४ ठेवा. १६,३८४ भागिले २,००० म्हणजे ८.२ सेकंदांची खिडकी, भेद ०.१२ हर्ट्झचा, लोफारच्या जवळपास. जहाजांच्या आडव्या, घसरत्या रेघा यात दिसतील (ऑडॅसिटीत काळ आडवा असतो, हे लक्षात ठेवा). फिन देवमाशाचे २० हर्ट्झचे ठोके मात्र एकेक सेकंदाचेच असतात; ते या खिडकीत पसरून जातात, त्यांच्यासाठी विंडो १,०२४ करा. लॅपटॉपच्या स्पीकरवर यातलं काहीच ऐकू येणार नाही. फाइल दहापट वेगाने वाजवा, म्हणजे २० हर्ट्झचे २०० होतील.